वाढणार कोण?

इंग्रजी भाषेला मराठी माणूस नावे ठेवतो ती बहुधा तिच्या स्पेलिंगावरून. माझी तक्रार निराळी आहे. मुंबईतल्या एका शाळेत तेहेतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. एवढ्या काळात स्पेलिंगने मला कधी छळले नाही. ते मुलांना छळत असे. मला छळले ते क्रियापदांनी, आणि क्रियापदांतही ‘वाढणे-वाढवणे’ या एका गोतावळ्याने.

आठवीचा भाषांतराचा तास घ्या. ‘आईने मला भात वाढला’ हे वाक्य फळ्यावर लिहिले, की दरवर्षी निदान एक तरी मुलगा उभा राहून ठणठणीत आवाजात सांगे, “मदर इन्क्रीज्ड राइस टु मी!” वर्ग खो खो हसे. मलाही हसू येई. पण पोराला खाली बसवताना थोडे अवघडल्यासारखेही होई, कारण त्याचा तर्क सरळ होता. पगार वाढतो तेव्हा तो ‘इन्क्रीज’ होतो, असे आदल्याच दिवशी मी सांगितलेले असे. मग भाताने काय घोडे मारले? एका मुलीने तर ‘काकांनी देवापुढे नारळ वाढवला’ याचे जे इंग्रजी केले, त्याप्रमाणे काकांचा तो नारळ कलिंगडाएवढा झाला असला पाहिजे.

मराठीत वाढ ही अशी सर्वसंचारी आहे. मूल वाढते, दाढी वाढते, भाव वाढतात. आमटीत पाणी वाढते आणि घरात माणसे वाढली की ते आणखी वाढते. पंगतीत वरण-भात वाढतात. अमंगळ बोलायचे नाही म्हणून फुटलेला नारळ आणि फुटलेली बांगडी हीसुद्धा ‘वाढतात’. आयुष्यातले एक वर्ष उणे झाले त्या दिवसाला आपण वाढदिवस म्हणतो आणि वर पेढे वाटतो. संस्कृतातल्या ‘वृध्’ या धातूपासून हे सारे आले. वृद्ध हा शब्दही तिथलाच, म्हणजे वृद्ध म्हणजे वाढून झालेला. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीचा पहिलाच शब्द ‘वृद्धि’ असा ठेवला, तो मंगल म्हणून ठेवला असे जुने भाष्यकार सांगतात. सरकारी मराठीनेही हीच परंपरा चालवली: पगारवाढ, दरवाढ, भाडेवाढ, मुदतवाढ, चलनवाढ. सुखाची असो वा दुःखाची, आडनाव एकच.

इंग्रजांच्या घरी मात्र प्रत्येक वाढीला वेगळा गडी. फोटो मोठा करायचा तर ‘एन्लार्ज’ला हाक मारा. रजा लांबवायची तर ‘एक्स्टेंड’ येईल. धंद्यासाठी ‘एक्स्पांड’, आवाजासाठी ‘ॲम्प्लिफाय’, भिंगासाठी ‘मॅग्निफाय’. नदीला पूर आला की ‘स्वेल’, सशांना पोरे झाली की ‘मल्टिप्लाय’, दुखणे बळावले की ‘ॲग्रवेट’. आणि हे गडी साहेबाच्या बंगल्यातल्या नोकरांसारखे: खानसामा बागेला पाणी घालणार नाही, माळी चहा आणणार नाही. रजा ‘एन्लार्ज’ करून मागणाऱ्या कारकुनाला रजा मिळेलही, पण साहेब मिशीत हसेल.

यांची कुळे शोधू लागले की मोठी मौज वाटते. ‘ॲग्रवेट’च्या पोटात लॅटिनमधले ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे ‘जड’ आहे. दुखण्यावर जणू कोणी आणखी एक धोंडा ठेवला. ‘एक्झॅजरेट’मध्ये मातीचा ढिगारा आहे. शेजारच्या काकू एखादी हकीगत सांगतात तेव्हा घमेल्यावर घमेली ओततच असतात, तेव्हा हे नाव मला फार समर्पक वाटते. ‘मल्टिप्लाय’मध्ये घड्या आहेत, आपल्या दुप्पट-तिप्पटीचीच ही मावसबहीण. ‘ऑग्मेंट’चे मूळ ‘ऑगेरे’, म्हणजे वाढवणे. त्याच मुळापासून ‘ऑक्शन’ निघाला, कारण लिलावात बोली चढत जाते, आणि त्याच मुळापासून ‘ऑथर’ही निघाला. म्हणजे लेखक हा जन्मतःच वाढवणारा! दिवाळी अंकांच्या संपादकांना हे व्युत्पत्ती न पाहताही ठाऊक असते.

‘मॅग्निफाय’ पूर्वी नुसत्या भिंगाचे नव्हते. जुन्या धार्मिक इंग्रजीत देवाची थोरवी गाणे म्हणजे त्याला ‘मॅग्निफाय’ करणे. आता देव सुटला आणि भिंग राहिले. ‘वॅक्स’ हे तर अस्सल जुने इंग्रजी क्रियापद. बलिप्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र ‘वॅक्स’ होत जातो. त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द मेणासाठी असल्यामुळे माझ्या वर्गातल्या चंद्राला कितीदा तरी मेण लागले आहे.

पण या साऱ्या कुळात माझे लाडके म्हणाल तर ते ‘ईक’. एके काळी त्याचा अर्थ सरळ ‘वाढवणे’ असाच होता. मूळ नावात वाढवलेले जास्तीचे नाव ते ‘ईक-नेम’. आधीच्या ‘ॲन’मधला न त्याला चिकटला आणि ‘निकनेम’ झाले. आज ‘ईक’ एकटे कुठे दिसत नाही. ‘ईक आउट’ अशा जोडीनेच दिसते, आणि त्याचा अर्थ झाला आहे तुटपुंजे आहे ते पुरवून पुरवून वापरणे. वाढीच्या क्रियापदावर काटकसरीची पाळी यावी! पण मला यात काही विपरीत वाटत नाही. ऐन जेवणाच्या वेळी दोन पाहुणे दारात उभे राहिले की माझी आई पातेल्यात तांब्याभर पाणी ओतून, वर चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा टाकून तीच आमटी सातजणांना वाढीत असे. आमटी वाढली की पुरवली? दोन्ही. त्या पातेल्यापुरती तरी इंग्रजी आणि मराठी एकाच चुलीवर शिजत होत्या.

सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत उद्धट म्हणजे ‘एस्कलेट’. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने सरकता जिना मांडला. ‘एस्कलेटर’ हे त्या जिन्याचे व्यापारी नाव होते. पुढे ते इतके सर्वांच्या तोंडी बसले की १९५० साली अमेरिकेत कंपनीचा त्यावरचा हक्कच गेला. आधी नाम आणि मग त्यावरून क्रियापद, असा हा उलटा जन्म. शीतयुद्धाच्या आणि व्हिएतनामच्या बातम्यांनी हे क्रियापद घरोघर पोहोचवले: युद्ध ‘एस्कलेट’ होते, म्हणजे कोणी पाऊल न उचलताही पायरी वर जाते. दादर स्टेशनवरच्या सरकत्या जिन्याशी पदर सावरीत उभ्या राहणाऱ्या बायकांना या क्रियापदाचा अर्थ सांगावा लागणार नाही. त्याहून तरुण एक आहे, ‘एम्बिगन’. १९९६ साली अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेने तो थट्टेने वापरला आणि २०१८ साली तो मेरियम-वेबस्टरच्या कोशात जाऊन बसला. माझ्या आठवीच्या पोरांनी असले शब्द शेकड्यांनी बनवले. ते तांबड्या शाईत गेले.

एवढ्या शब्दांची नीट मांडामांड केली ती एका डॉक्टराने. पीटर मार्क रॉजे त्याचे नाव. रोगी तपासून, रॉयल सोसायटीची चिटणिशी करून झाल्यावर, १८५२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने आपला ‘थिसॉरस’ छापला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, अर्थाच्या कुटुंबांनी राहतात. वाढीचे बिऱ्हाड आणि घटीचे बिऱ्हाड शेजारीशेजारी. मुले मात्र त्या पुस्तकाकडे बांगड्यांच्या दुकानासारखी पाहतात: कोणतीही उचला, हातात बसली म्हणजे झाले. मी त्यांना सांगत असे, बाबांनो, हे समानार्थी दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात एक मत दडलेले आहे. ‘एक्स्पांड’ झालेली वस्तू आणि ‘इन्फ्लेट’ झालेली वस्तू, दोन्ही फुगलेल्याच. पण दुसरीत हवा आहे, आणि टाचणी लागली की कळते. ‘एन्हान्स’ म्हणजे मुळात उंचावणे. रूप, मोल, कीर्ती यांना ते शोभते. आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्यांत मात्र भाडे ‘एन्हान्स’ होते, नुकसानभरपाई ‘एन्हान्स’ होते, आणि आरोपीची शिक्षासुद्धा ‘एन्हान्स’ होते. त्या बिचाऱ्याला आपण उंचावलो असे वाटत असेल काय?

तासापुरता हा खेळ बरा असतो. निवृत्त झाल्यावर मात्र एकदा तो थेट घरावर आला.

आम्ही गिरगावातल्या एका जुन्या चाळीतले भाडेकरू. एकशेऐंशी चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला नळ. चाळ पाडून तिथे अठरा मजली इमारत उठायची ठरली आणि बिल्डरकडून कराराचा मसुदा आला: बेचाळीस पाने, सगळी इंग्रजीत. बिल्डरचे नाव मी सांगत नाही. सांगून काही वाढणार नाही. एका रविवारी संध्याकाळी गॅलरीत सतरंज्या पडल्या, गणपतीच्या मांडवातला मोठा दिवा आणून टांगला, आणि “बाई, तुम्ही इंग्रजीच्या, तुम्हीच वाचा,” म्हणून तो गठ्ठा माझ्या मांडीवर आला.

मी वाचू लागले. एक कलम इंग्रजीतून, लगेच मराठीतून. आणि दहाव्या पानापासून माझ्या लक्षात येऊ लागले की मसुदा लिहिणाराने रॉजेचे पुस्तक उशाशी घेऊन लिहिले आहे. बिल्डरला विकायला मिळणारे क्षेत्र ‘ऑग्मेंट’ होणार होते. आमच्या खोल्यांचे क्षेत्र ‘एन्लार्ज’ होऊ शकणार होते. बाहेर राहण्याचे जे भाडे तो आम्हांला देणार, ते ‘एन्हान्स’ होऊ शकणार होते. आणि बांधकाम पुरे करण्याची छत्तीस महिन्यांची मुदत, काही कारणे घडल्यास, ‘शॅल स्टँड एक्स्टेंडेड’. कारणांची यादी सव्वा पानाची होती. तीत पाऊसही होता. मुंबईत!

मराठीत सांगताना माझी पंचाईत झाली. काय सांगणार? त्याचे क्षेत्र वाढेल, आपली जागा वाढेल, भाडे वाढेल, मुदत वाढेल. मंडळी माना डोलवीत होती. वाढ म्हटले की आपल्याला बरेच वाटते. शब्दच तसा मंगल आहे. माझ्या शेजारी कोपऱ्यात माई बसल्या होत्या. वय चौऱ्यांशी, नवरी म्हणून या चाळीत आल्या त्या कधी बाहेर पडल्या नाहीत. यजमान गेले, मुलगा परगावी, त्या एकट्याच राहतात. इतका वेळ त्या वाती वळीत होत्या. त्यांनी हात थांबवला.

“बाई, मघापासून वाढेल, वाढेल म्हणताय. पण वाढणार कोण?”

कोणीतरी हसले. माई हसल्या नाहीत.

“पान मांडून बसलं म्हणून भात आपोआप पानात येत नाही. डाव कोणाच्या हातात आहे, ते लिहिलंय का कागदात?”

मी कागदाकडे पाहिले. लिहिले नव्हते. ‘मे बी एन्लार्ज्ड’, ‘मे बी एन्हान्स्ड’: कोण करणार याचा पत्ता नाही. आणि ज्या ठिकाणी बिल्डरला हवे होते तिथे ‘मे’ नव्हता, ‘शॅल’ होता. इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे करावेच लागेल आणि ‘मे’ म्हणजे वाटले तर. आमच्या वाढीला सगळीकडे ‘मे’. त्याच्या मुदतीला ‘शॅल’. बरे, ती मुदत कोणी वाढवायचीही नाही. ती आपली आपणच वाढून उभी राहणार, मारुतीच्या शेपटासारखी. किती लांब, याला आकडा नाही.

मग मी त्या कागदावरचे शब्द, मुलांना सांगावे तसे, एकेक करून गॅलरीतल्या मंडळींना सांगितले. यापूर्वी माझा इतका लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला मिळाला नव्हता. फोटो ‘एन्लार्ज’ होतो तेव्हा दुप्पट की चौपट ते दुकानदार आधी विचारतो. इथे किती, ते विचारायला हवे. ‘ऑग्मेंट’ म्हणजे असलेल्यात भर; कशात भर, कोणाच्या वाटणीतून? खालच्या मजल्यावरचे जोशीबुवा पुराण सांगतात, ते म्हणाले, “बळीराजाचा असाच घात झाला. तीन पावलं जमीन द्यायची ठरली. करारात पावलांची संख्या होती, पावलाचं माप नव्हतं.” त्यावर एक कॉलेजातला मुलगा म्हणाला की शुक्राचार्य सांगत होते ना, सही करू नका म्हणून! “हो, आणि त्यापायी त्यांचा डोळा गेला,” जोशीबुवा म्हणाले. “ज्याला वाचता येतं त्याचं असंच होतं, बाई.” हे माझ्याकडे पाहून.

ती रात्र आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. जिथे जिथे वाढ होती तिथे समासात तीन प्रश्न लिहिले: कोण, किती, केव्हापर्यंत. हे काही कायद्याचे मोठे ज्ञान नव्हे. कर्ता, कर्म, क्रियापद ओळखा, एवढाच आठवीचा प्रश्न. पण कर्ता नसलेले वाक्य इंग्रजीत किती सभ्य दिसते, हे मला त्या रात्री जेवढे जाणवले तेवढे तेहेतीस वर्षांत जाणवले नव्हते. मराठीतही ‘वाढेल’ म्हणून आपण तसेच निसटतो. फरक इतकाच, की मराठीला पंगत ठाऊक आहे. ‘वाढेल’ म्हटले की निदान माईंसारख्या बाईच्या डोळ्यांपुढे कोणाचा तरी हात येतो.

आमच्या बाजूने वकील दिला. तीन महिने खेचाखेच चालली. खोलीचे क्षेत्र तीनशे पंच्याहत्तर चौरस फूट असे आकड्यात आले, ‘मे’चा ‘शॅल’ झाला. भाडे दर बारा महिन्यांनी दहा टक्के वाढेल आणि ते ‘बिल्डरने’ वाढवायचे, हेही आले. ‘ऑग्मेंट’च्या कलमाला मात्र त्याने हात लावू दिला नाही, तिथे आम्हांला गप्प बसावे लागले, आणि ते मला अजून खुपते. पाऊस यादीतून गेला. मुदतीवर बरेच दिवस अडले. शेवटी ठरले की ती एकदाच वाढेल, सहा महिने, आणि पुढे उशीर झाला तर दंड.

हे सारे मी वाचून दाखवले तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माई नुसत्या म्हणाल्या, “छत्तीस आणि सहा, बेचाळीस महिने. इमारतीला मुदतवाढ मिळाली, बाई. माझ्या मुदतवाढीचं ह्यात काही आहे का?”

इंग्रजीत, मराठीत, कशातच मला याला उत्तर सुचले नाही. माईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि अंगठा पुढे करणाऱ्या त्या लहान वकिलाला “मला सही येते हो,” असे दरडावून प्रत्येक पानावर पुरे नाव लिहिले. बेचाळीस पानांना पाऊण तास लागला.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर आम्ही खोल्या सोडल्या. कोणी विरारला गेले, कोणी कळव्याला. माई डोंबिवलीला एका भाच्याच्या शेजारी. भूमिपूजनाला आम्ही सारे जमलो होतो. माईंचा वाढदिवस श्रावणात असतो. सत्त्याऐंशी पुरी झाली. बांधकामाची मुदत आता संपली आहे आणि करारातली ती एक वाढ सुरू आहे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दहाच्या सुमारास, माझा फोन वाजतो. भाडे खात्यात आले की नाही हे त्या आधी मला विचारतात आणि मग आपले आले असे सांगतात. गेल्या खेपेस मी गिरगावातून चक्कर मारून आले होते, म्हणून मी हौसेने म्हणाले, “माई, अकराव्याचा स्लॅब पडला!”

“पडला?” त्यांचा आवाज एकदम चिरकला.

“अहो, पडला म्हणजे घातला. पुरा झाला.”

“मग तसं म्हणा की! इंग्रजी शिकवता ना तुम्ही?” क्षणभर त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “आपलं घर कितव्यावर हो?”

“सातव्यावर.”

“म्हणजे माझ्या डोक्यावर चार बिऱ्हाडं येऊनसुद्धा बसली,” माई म्हणाल्या, “आणि मी अजून डोंबिवलीतच!”